दहा वर्षांचा बाँड केला म्हणून गायनॅक चंदगडला टिकणार का?

रात्रपाळी: काल इथंच एकानं लिहिलं, "सरकारी पैशानं एमएस करायचं आणि कोल्हापुरात राजारामपुरीत हॉस्पिटल थाटायचं. गायनॅकना दहा वर्षांचा बाँड लावा." खाली सगळे 'बरोबर, बरोबर'. मी गायनॅक, म्हणजे बाळंतपणाची डॉक्टर. बाँडचं, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेचं वर्ष मी एका ग्रामीण रुग्णालयात काढलंय, म्हणून सांगते. पहिलटकरीण, पाणी हिरवं आलेलं, म्हणजे बाळानं आतच शी केलेली, बाळाचे ठोके पडायला लागलेले. सिझेरियन करायला मी तयार होते. पण भूलतज्ज्ञाचं पद रिकामं, रक्तसाठ्याचा फ्रीज बंद. सलाईन लावलं, कॅथेटर घातला आणि 108 च्या ॲम्ब्युलन्समध्ये तिच्याशेजारी बसून कोल्हापूर गाठलं. बाळ वाचलं. गावात मात्र बोभाटा, डॉक्टरीण घाबरली. अशा ठिकाणी दहा वर्षं ठेवून माझ्याकडून काय करून घेणार होता?

शाहूवाडीचा मास्तर: ते लिहिणारा मीच. माझ्या भावजयीला मलकापुरातनं कोल्हापूरला नेताना बांबवड्याच्या पुढं गाडीतच बाळंत व्हावं लागलं. नाळ कापायला कोण नव्हतं. तुमची अडचण खरी असेल, पण तुम्ही निदान शेजारी बसला होता. आमच्याकडं बसायलाबी कोण न्हाई. त्यात 50 लाख भरून बाँडमधनं सुटलेलेबी आहेत! ज्याचा बाप भरू शकला त्याला गाव बघायचीच गरज पडली न्हाई.

भूलवाला: मास्तर, एकटा गायनॅक पाठवून सिझर होत नाही. एमबीबीएस डॉक्टरला सिझरपुरती भूल शिकवायची केंद्राची योजना आहे, सुरुवातीला 18 आठवड्यांची होती. चांगली योजना. माझ्यासोबतचा एकजण ती शिकला आणि त्याची बदली झाली ऑपरेशन थिएटर नसलेल्या प्राथमिक केंद्रात. हात बसला होता तो गेला. आता तो भूल द्यायला धजत नाही.

सोनो कोल्हापूर: खरं कारण कुणीच बोलत नाही. पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंग तपासणीबंदीचा कायदा! प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीला भरायच्या फॉर्म एफमध्ये एक रकाना राहिला की मशीन सील. 2019 ला सुप्रीम कोर्टानंही सांगितलं, नोंदी नीट न ठेवणं हा कारकुनी दोष नव्हे, गुन्हाच. तीन वर्षांपर्यंत कैद. पत्त्यात पिनकोड राहिला म्हणून मी तारखा खाल्ल्यात. हे बघितलेली पोरं गायनॅक घेतील कशाला?

कागलची ताई: घेऊ नका मग! 2001 च्या जनगणनेत आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागं 839 मुली होत्या. ऊस, दूध, पैसा सगळं असलेल्या जिल्ह्यात. त्या मुली गेल्या कुठं? मशीन काय आपोआप बोललं? माझ्या जावेला तिसऱ्यांदा 'बघून' आणलं होतं, ते पांढऱ्या कोटातल्याच माणसानं. पिनकोडचं रडगाणं माझ्यापुढं नको.

सोनो कोल्हापूर: म्हणजे एकानं पाप केलं, शिक्षा सगळ्यांना? सायलेंट ऑब्झर्व्हर, म्हणजे सोनोग्राफी मशीनवर नजर ठेवणारी यंत्रं, आपल्याच जिल्ह्यात पहिल्यांदा बसले, ते आम्ही मुकाट्यानं लावून घेतले. चोर समजून वागवलं तर माणूस थांबत नाही.

कागलची ताई: 2011 ला 839 चे 863 झाले, ते असल्या वचकानंच. पिनकोड राहिला तर दंड करा, मशीन सील नको, एवढं मान्य. पुढं एक शब्द नाही.

रात्रपाळी: फॉर्म एफवर वेगळा धागा काढा. शासकीय महाविद्यालयात तीन वर्षं आम्ही अवघडातल्या अवघड केसेस करतो, कारण पाठीशी सिनियर असतो, रक्तपेढी असते, मुलांचे डॉक्टर असतात. ग्रामीणला यातलं काहीच नसतं. रक्तस्राव सुरू झाला तर बाई तासा-दोन तासांत जाते. मग नातेवाईक कॉलर धरतात. राजस्थानातल्या दौशात 2022 ला अशाच मृत्यूनंतर डॉक्टरवर खुनाचा गुन्हा दाखल झाला आणि तिनं जीव दिला. आमच्या बॅचच्या मुलींनी ते वाचलंय.

शाहूवाडीचा मास्तर: कॉलर धरणारे आमचेच, ते चूकच. पण तुम्ही सगळे शहरात बसून 'सोयी द्या' म्हणता आणि सोयी मागायला तालुक्यात कोण उरत न्हाई. दहा वर्षं सोडतो. एकच राहू दे. पण गायनॅक आणि भूल दोघांची ऑर्डर एकाच दवाखान्याची, एकाच दिवशी निघाली पाहिजे. आणि पैसे भरून सुटायची पळवाट कुणालाच नको.

भूलवाला: रक्तसाठ्याचा टेक्निशियन तिसरा धरा. तो नसला तर फ्रीज नुसता भिंतीला.

रात्रपाळी: पळवाट नको, माझी हरकत नाही. तिघांची ऑर्डर एकत्र निघाली तर दुसरं वर्ष मी आपणहून मागितलं असतं.

शाहूवाडीचा मास्तर: ते आता म्हणायला सोपं. तरी तिघांचं निवेदन लिहा, मलकापुरातल्या सह्या मी गोळा करतो.