मदत हवी आहे: चौकटीची नक्षीदार पट्टी कापायला सुरक्षित हत्यार कोणतं?

नमस्कार मंडळी. चिपळूणजवळ आमचं जुनं घर आहे. माजघराच्या दाराच्या चौकटीभोवतीची सागवानी पट्टी खालून हातभर कुजली आहे. दीड इंच रुंद, अर्धा इंच जाड, बाहेरच्या कडेला गोलाई आणि तिला लागून बारीक पायरी. बाजारात तशी बीडिंग मिळाली नाही. मिळते ती चपटी, नाहीतर एमडीएफची (दाबलेल्या लाकूडभुश्याची). साधारण 18 फूट लागेल. जुनी पट्टी आजोबांनी स्वतः रंध्यानं काढलेली, म्हणून नवी मी माझ्या हातानं करणार आहे.

माझ्याकडे करवत, पटाशी, रंधा, ड्रिल आणि चार इंची ग्राइंडर आहे. ओळखीचे एक जण म्हणाले, ग्राइंडरला लाकडाचं दातेरी पातं लाव, झटक्यात होईल. आमच्या काकांचा अंगठा असाच गेला. गार्ड काढलेलं होतं, पातं गाठीत अडकलं आणि मशीन उसळून हातावर आलं. आजही ग्राइंडर सुरू झाला की आई अंगणात येऊन उभी राहते. त्यामुळे ते मी करणार नाही.

मग ट्रिमर (फिरत्या पात्यानं लाकडाच्या कडेला नक्षी काढणारं छोटं मशीन) घेऊ की त्याच कामाचा मोठा राऊटर? आणि इतकी अरुंद पट्टी मशीनखाली धरायची कशी? माझी खरी भीती तीच आहे.

प्रतिसाद

ग्राइंडर नको, हे अगदी बरोबर. एवढ्या कामाला 6 मिमी दांड्याचा बिट (फिरणारं पातं) बसणारा ट्रिमर पुरतो. पण अरुंद पट्टीवर बिट चालवूच नका. सहा इंच रुंद फळी घ्या, दोन क्लॅम्पनी टेबलाला घट्ट आवळा, तिच्या कडेवर नक्षी काढा आणि मग दीड इंचाची पट्टी चिरून वेगळी करा. बोटं बिटच्या जवळ जातच नाहीत.

बेअरिंगवाला (टोकाची फिरती चकती फळीच्या कडेला टेकून चालते तो) गोलाईचा बिट थोडा खाली उतरवला की पायरी आपोआप पडते. एकदम पूर्ण खोली घेऊ नका, दोन-दोन मिलिमीटर करत उतरा. फळीची कड तुमच्याकडे असेल तर मशीन डावीकडून उजवीकडे न्यायचं. उलट नेलं तर बिट लाकडावर चढून मशीन ओढत नेतो. बिट बदलताना प्लग काढाच, नुसतं बटण बंद करून भागत नाही. हातमोजे घालू नका, ते फिरत्या बिटमध्ये गुंततात. डोळ्यांना गॉगल आणि नाकाला एन-95 मास्क मात्र हवाच, सागाचा भुसा घशाला आणि कातडीला फार त्रास देतो. कोपऱ्याचे 45 अंशांचे काप मायटर बॉक्समध्ये (करवत ठरलेल्या कोनात धरणाऱ्या खाचांच्या पेटीत) हातकरवतीनं छान येतात.

धागाकर्ता

मनापासून आभार! आधी नक्षी, मग चिरणं हे डोक्यातच आलं नव्हतं. आता एकच शंका: सात फुटी फळी हातकरवतीनं सरळ चिरली जाईल का, की तेवढं काम वखारीत करून आणू?