झाडबेडकाची बोटं थरथरतात, रातकिडा जिभेला चिकटत नाही

मंजिरी_रेडिंग
इंग्लंडमध्ये, रेडिंगला असते. घरी साधारण सहा महिन्यांचा व्हाइट्स ट्री फ्रॉग आहे, लांबी ५ सें.मी. टाकी ४५×४५×६० सें.मी., दिवसा २६ अंश, रात्री २०, आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास. रोज चार-पाच रातकिडे देते, रातकिड्यांना गाजर. आठवडाभर मागच्या पायाची बोटं मधूनच थरथरतात आणि नेम धरून झेप घेतली तरी किडा निसटतो. यूव्हीबी दिवा (कॅल्शियम शोषायला लागणारं डी३ व्हिटॅमिन कातडीत बनवणाऱ्या अतिनील किरणांचा) नाही, पण टाकी खिडकीपाशीच आहे. कॅल्शियमची पावडर सुरू केली तर भागेल का?

पानओल
मंजिरीताई, आधी बेडूक-सरडे बघणाऱ्या पशुवैद्यांची वेळ घ्या, शक्यतो उद्याचीच. बोटं थरथरणं हे बहुधा रक्तातलं कॅल्शियम घसरल्याचं लक्षण आहे. तोवर शरीराने हाडांमधून कॅल्शियम ओढून घेतलेलं असतं, त्यामुळे नुसत्या पावडरीने ते वेळेत भरून निघत नाही. एक्स-रे काढून डॉक्टर कॅल्शियमच्या औषधाची मात्रा ठरवतील, ती घरी अंदाजाने देऊ नका.

समोरून बघा, खालचा जबडा एका बाजूला झुकलाय का? पाठीला बाक आलाय का? बोटाने दाबून बघायचं नाही, हाड मऊ असेल तर मोडतं. याच कारणाने उंच फांद्या आजच काढा आणि तळाशी ओला किचन पेपर अंथरा. नेताना भोकं पाडलेला छोटा डबा, आत ओला पेपर, बस्स. डब्यात पाणी साठू देऊ नका.

रातराणी७
खिडकीचा उपयोग नाही, काच यूव्हीबी जवळजवळ सगळं अडवते. उलट उन्हात टाकी भट्टीसारखी तापते, तिथून हलवा. ५-६ टक्के यूव्हीबीची टी५ नळी (बारीक ट्यूबलाइट) जाळीच्या झाकणावर ठेवा. वरच्या बसायच्या जागेशी यूव्ही इंडेक्स (किरणांच्या तीव्रतेचा आकडा) १ ते २ पुरे. जाळीतही बरेच किरण अडतात, म्हणून मीटर कुणाकडे मिळाला तर मोजून घ्या. दिवसाचे १० ते १२ तास दिवा, आणि पोथोसची (मनीप्लांटची) दाट पानं हवीतच, म्हणजे नको वाटलं की तो सावलीत जाईल. नळी उजळ दिसत राहते पण यूव्हीबी कमी होतं, वर्षाने बदला.

रातकिड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट असतो, त्यामुळे या वयात प्रत्येक खाण्याला साधी (डी३ नसलेली) कॅल्शियम पावडर लावा. डी३ असलेली मल्टिव्हिटॅमिन आठवड्यातून एकदाच, कारण डी३ जास्त झालं तर तेही घातक.

आता जिभेबद्दल. किडा चिकटत नाही याचं कारण कॅल्शियमच असेल असं नाही. व्हिटॅमिन ए कमी पडलं की जिभेवरच्या चिकट स्राव करणाऱ्या ग्रंथी बिघडतात. बेडकाला गाजरातल्या बीटा-कॅरोटीनपासून पुरेसं ए बनवता येत नाही. मल्टिव्हिटॅमिनच्या डब्यावर ‘रेटिनॉल’ किंवा ‘रेटिनाइल’ लिहिलेलं हवं, नुसतं बीटा-कॅरोटीन असेल तर तो डबा घेऊ नका. डॉक्टरांना जिभेचं आवर्जून सांगा.

मंजिरी_रेडिंग
उद्या सकाळची वेळ मिळाली. पावडर लावली तर किडे झटकून टाकतात, त्यावर काय करायचं?

पानओल
खायला घालायच्या अगदी आधी घोळवायचं. झाकणाच्या डब्यात चिमूटभर पावडर, त्यात दोनच किडे, हलक्या हाताने हलवा आणि लगेच लांब चिमट्याने तोंडासमोर धरा. अर्ध्या तासाने उरलेला किडा काढून घ्या: पावडर गेलेली असते, शिवाय भुकेले रातकिडे रात्री बेडकाचीच कातडी कुरतडतात. किड्याची लांबी बेडकाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराइतकीच.

ओलसर_कोपरा
पाणी कुठलं वापरता? बेडूक पोटाच्या कातडीनेच पाणी शोषतो, म्हणून विचारतेय. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन रात्रभर उघडं ठेवल्यावर उडतं, क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) उडत नाही. डीक्लोरिनेटर (क्लोरीन काढणारं द्रावण) घेताना तो क्लोरामाइनवरही चालतो असं लिहिलंय का बघा. डिस्टिल्ड पाण्याने मात्र भांडं भरू नका, त्यात क्षार नसतात. ते काचेवर फवारायला ठीक. पाणी रोज बदला. आणि उचलावं लागलंच तर बिनपावडरचे नायट्राइल हातमोजे, डीक्लोरिनेटर घातलेल्या पाण्यात बुडवून.