शब्दचर्चा: 'प्रोपगंडा'ला मराठीत काय म्हणाल? आणि 'अकाउंटेबिलिटी'ला?

शाईदौत

अकरावी-बारावीच्या मुलांसाठी २००३च्या इराक युद्धावर मराठीत टिपण लिहितेय. दोन शब्दांवर गाडी अडली आहे.

पहिला 'प्रोपगंडा'. कोश 'प्रचार' देतात. पण मराठीत प्रचार म्हटलं की रिक्षावरचा भोंगा आणि हात जोडलेला उमेदवार आठवतो. हिंदीचा प्रचार, खादीचा प्रचार, त्यात वाईट काहीच नाही. 'अपप्रचार' घ्यावा तर तो कायम समोरच्याचा असतो. 'आमच्याविरुद्ध अपप्रचार चालू आहे' हे पुढारी रोज म्हणतात. 'आम्ही सध्या अपप्रचार करतोय' असं म्हणणारा मला तरी भेटलेला नाही. मला हवाय तो शब्द निवडून आलेल्या सरकारने आपल्याच लोकांची युद्धासाठी मनं तयार करायला केलेल्या उद्योगाचा.

दुसरा 'अकाउंटेबिलिटी'. उत्तरदायित्व, जबाबदेही, जबाबदारी. पहिला शासन निर्णयातला, दुसरा हिंदीतून आलेला आणि तिसरा इतका सैल की बॉम्ब फोडणारी संघटनासुद्धा 'जबाबदारी स्वीकारते'.

सुचवा.

पणजीकर

गंमत म्हणजे मूळ शब्दही सोवळाच होता. १६२२ साली पोप पंधरावे ग्रेगरी यांनी धर्मप्रसारासाठी रोममध्ये जे मंडळ नेमलं त्याच्या लॅटिन नावात 'प्रोपागांदा फिदे' आहे, म्हणजे श्रद्धेचा प्रसार. आमच्याकडे आणि मुंबईत तर 'प्रोपगंडा' हा चक्क एक पक्ष होता. चर्चवर अधिकार पोर्तुगीज राजाच्या 'पाद्रोआदो'चा की रोमच्या 'प्रोपगंडा'चा, यावरून दीडदोनशे वर्षं भांडणं झाली. मुंबईतली चर्चेस या दोघांत वाटली गेली होती. तेव्हा 'मी प्रोपगंडावाला' हे कुणी तोंड लपवून सांगत नसे. आजचा वास त्या शब्दाला मुख्यतः पहिल्या महायुद्धानंतर लागला.

म्हणजे 'प्रचार'ही उद्या नासू शकतो. वाट बघा.

रानमोगरा

एकच शब्द का हवा? मराठीत या धंद्याच्या एकेका पायरीला वेगळा शब्द आहे. आवई उठवणं म्हणजे खोटी धोक्याची आरोळी. कंडी पिकवणं म्हणजे बातमी सोडून देणं, पुढे ती आपली आपण वाढते. बागुलबुवा उभा करणं. कुभांड रचणं, यात दुसऱ्यावर आळ असतो. बनाव, यात पात्रं, संवाद, नेपथ्य सगळं असतं.

उदाहरण देते. १० ऑक्टोबर १९९०, वॉशिंग्टन. इराकने कुवेत गिळून दोन महिने झालेले. अमेरिकी खासदारांच्या मानवी हक्क गटासमोर नायिरा नावाची पंधरा वर्षांची मुलगी रडत रडत सांगते की, इराकी सैनिकांनी कुवेतच्या इस्पितळात इन्क्युबेटरमधली बाळं काढून थंड फरशीवर मरायला टाकली. आडनाव सांगितलं जात नाही, कारण म्हणे घरच्यांच्या जिवाला धोका. तेव्हाचे अमेरिकी अध्यक्ष थोरले बुश पुढे हीच गोष्ट भाषणांतून पुन्हा पुन्हा सांगत राहिले. जानेवारी १९९१मध्ये सिनेटने ५२ विरुद्ध ४७ मतांनी युद्धाला मान्यता दिली, तेव्हा काही सिनेटरांच्या तोंडी हीच बाळं होती. १९९२ उजाडल्यावर बाहेर आलं की मुलगी कुवेतच्या अमेरिकेतल्या राजदूतांची कन्या, आणि ही साक्ष घडवून आणण्यात हिल अँड नोल्टन या जनसंपर्क कंपनीचा हात. पैसा कुवेती सरकारकडून आलेला. बाळांच्या गोष्टीला पुरावा मिळाला नाही.

याला 'अफवा' म्हणणं चूक. अफवेला मालक नसतो, हिला होता. हा बनाव. कुवेतवरचा हल्ला आणि तिथले अत्याचार खरे होते, हेही मुलांना सांगा. खऱ्या ताटात एक खोटा पदार्थ वाढला की तो सहज गिळला जातो.

जुनापेपर

शब्द शोधताय ते ठीक, पण मुलांना हे ओळखायला शिकवायचं असेल तर नामाकडे बघू नका, क्रियापदाकडे बघा. वर रानमोगरांनी 'कारण म्हणे' लिहिलंय बघा. एवढासा 'म्हणे', पण त्याने सांगणाऱ्याची हमी काढून घेतली. मी अनेक वर्षं वृत्तपत्राच्या डेस्कवर तारांची भाषांतरं केली. असल्याचे समजते, असल्याचा दावा, असावे, असण्याची शक्यता, आहे. ही उतरंड आम्हाला पाठ होती. युद्धाच्या आधीच्या महिन्यांत ही उतरंड गुपचूप चढली जाते. 'असावे' झोपायला जातं आणि सकाळी 'आहे' होऊन उठतं.

ब्रिटनचं २४ सप्टेंबर २००२चं डॉसियर घ्या, म्हणजे इराकच्या अस्त्रांबद्दल सरकारने लोकांपुढे ठेवलेली माहितीपुस्तिका. त्यातलं गाजलेलं वाक्य असं की इराकची काही रासायनिक-जैविक अस्त्रं हुकूम मिळाल्यापासून ४५ मिनिटांत डागता येतील. मुळात ती एका सूत्राकडून, तीही ऐकीव आलेली माहिती. शिवाय ती रणांगणावरच्या तोफगोळ्यांसारख्या जवळच्या माऱ्याच्या अस्त्रांबद्दल होती, दूरच्या क्षेपणास्त्रांबद्दल नव्हे. डॉसियरमध्ये हा भेद आला नाही. दुसऱ्या दिवशी 'सन' या वृत्तपत्राचा मथळा होता, ब्रिटिश लोक विनाशापासून ४५ मिनिटांवर. सरकारने खुलासा केला नाही. मार्च २००३मध्ये संसदेने युद्धाला मत दिलं तेव्हा हा भेद आपल्याला माहीत नव्हता, असं खुद्द पंतप्रधान ब्लेअर यांनी फेब्रुवारी २००४मध्ये सभागृहात सांगितलं. आता याला काय म्हणायचं? खोटं? की चौकशी न करण्याची सोय? माझं मत दुसऱ्याकडे झुकतं, आणि मला ते पहिल्यापेक्षा सौम्य वाटत नाही.

हेरखात्याची माहिती तपासणाऱ्या २००४च्या बटलर समितीने नेमकं हेच पकडलं. हेरखात्याच्या मूळ अहवालांत 'माहिती तुटपुंजी आहे' अशा पुस्त्या होत्या, त्या लोकांपुढे येताना गळाल्या. पुस्ती गळाली की समजायचं, काहीतरी शिजतंय.

उडाणटप्पू

यालाच बीबीसीच्या बातमीत 'सेक्स्ड अप' म्हटलं होतं ना? मराठीत तयार आहे: तिखटमीठ लावलेलं.

आणि इराकवर अमेरिकेसोबत गेलेल्या देशांच्या 'कोअलिशन ऑफ द विलिंग'चं भाषांतर कृपया 'इच्छुकांची आघाडी' करू नका. आमच्या वॉर्डात इच्छुक म्हणजे तिकिटासाठी बंगल्याबाहेर बसलेली मंडळी.

शाईदौत

टप्पू, हसले. 😀 'राजी देशांची आघाडी' करते.

क्रियापदांवरून आठवलं. फेब्रुवारी २००३मध्ये ब्लेअर यांच्या कार्यालयाने दुसरं डॉसियर काढलं, पत्रकारांनी त्याचं बारसं 'डोजी (म्हणजे भरवसा ठेवू नये असं) डॉसियर' असं केलं. त्यातला मोठा भाग कॅलिफोर्नियातल्या एका संशोधक विद्यार्थ्याच्या आधी छापलेल्या लेखातून, त्याचं नाव न घालता, विरामचिन्हांच्या चुकांसकट उचललेला होता. केंब्रिजच्या एका अध्यापकाने ते पकडलं. उचलेगिरीपेक्षा मला दुसरीच गोष्ट रोचक वाटते. सगळं जसंच्या तसं घेतलं आणि मोजके शब्द बदलले. मूळ लेखात इराकी हेरखातं परक्या वकिलातींवर 'पाळत ठेवतं', डॉसियरमध्ये ते 'हेरगिरी करतं'. मूळ लेखात ते शत्रुदेशांतल्या 'विरोधी गटांना मदत करतं', डॉसियरमध्ये 'दहशतवादी संघटनांना पाठबळ देतं'. माहितीत भर काहीच नाही, फक्त शब्द तापवले. ५ फेब्रुवारीला सुरक्षा परिषदेत अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी याच कागदाची तोंडभरून तारीफ केली.

हे दोन उतारे शेजारी शेजारी छापून मुलांना देणार आहे. फरक त्यांनीच शोधावा.

रानमोगरा

झकास. त्याच भाषणातल्या फिरत्या जैविक प्रयोगशाळा, म्हणजे ट्रकवरच्या, त्याही घ्या. जर्मनीत आश्रय मागणाऱ्या एका इराक्याच्या सांगण्यावर ते सगळं उभं होतं. टोपणनाव 'कर्व्हबॉल'. २०११मध्ये त्याने स्वतःच कबूल केलं की आपण ते रचलं होतं. पॉवेल यांनी २००५मध्ये त्या भाषणाला आपल्या कारकिर्दीवरचा डाग म्हटलं.

जुनापेपर

आता दुसऱ्या शब्दाकडे. ताई, 'उत्तरदायित्व' विसरा. मराठीत 'जाब' आहे. जाब विचारतात, जाब देतात. यात विचारणारा कोण आणि द्यायचा कुणी, दोघांना वाक्यात यावंच लागतं. 'उत्तरदायित्व निश्चित करण्यात येईल' या वाक्यात माणूसच नाही.

ब्रिटनमध्ये काय झालं बघा. रॉबिन कुक मतदानाच्या आदल्या दिवशी मंत्रिमंडळातून बाहेर पडले, म्हणजे विरोध करणाऱ्याने पद सोडलं. १८ मार्च २००३ला युद्धाचा ठराव ४१२ विरुद्ध १४९ने मंजूर. मे महिन्यात बीबीसीच्या पत्रकाराने सप्टेंबरचं डॉसियर फुगवल्याची बातमी दिली. तिचा स्रोत म्हणून शस्त्रास्त्रतज्ज्ञ डेव्हिड केली यांचं नाव फुटलं आणि जुलैत ते मृतावस्थेत सापडले. त्यांच्या मृत्यूवरच्या हटन चौकशीचा अहवाल जानेवारी २००४मध्ये आला. त्यानंतर बीबीसीचे अध्यक्ष गेले, महासंचालक गेले, तो पत्रकारही गेला. बातमीतला एक भाग, ४५ मिनिटांचा आकडा चुकीचा असल्याचं सरकारला ठाऊक होतं असा, टिकला नाही हे खरं. पण तिखटमीठ ज्यांनी लावलं ते आपापल्या खुर्चीत, आणि ज्यांनी चव सांगितली ते रस्त्यावर.

युद्धात ब्रिटन कसं उतरलं याच्या चौकशीचा चिलकॉट अहवाल जुलै २०१६मध्ये आला. सात वर्षांचं काम, बारा खंड, सुमारे २६ लाख शब्द. निष्कर्ष स्वच्छ होता: शांततेचे मार्ग संपलेले नव्हते, आणि धोका ज्या खात्रीने सांगितला गेला त्या खात्रीला आधार नव्हता. जुलै २००२मध्ये ब्लेअर यांनी धाकट्या बुश यांना लिहिलेली 'काहीही झालं तरी मी तुमच्यासोबत असेन' ही चिठ्ठीही त्यात छापली. म्हणजे पहिलं डॉसियर निघण्याच्या दोन महिने आधी! ब्लेअर यांनी दुःख व्यक्त केलं, माफीचा शब्दही वापरला, पण निर्णय चुकला असं म्हटलं नाही. त्यांनी संसदेची दिशाभूल केली का, याची आणखी चौकशी करण्याचा प्रस्ताव नोव्हेंबर २०१६मध्ये खासदारांनी मोठ्या बहुमताने फेटाळला. जाब विचारला गेला, छापला गेला. घ्यायला मात्र कुणी उभं राहिलं नाही.

उडाणटप्पू

पण निदान २६ लाख शब्द छापले तरी. आपल्याकडे १९६२च्या चीन युद्धातल्या पराभवावर लष्कराने हेंडरसन ब्रूक्स आणि भगत यांच्याकडून अहवाल करून घेतला. सप्टेंबर १९६३मध्ये संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणांनी संसदेत त्याचा गोषवारा सांगितला, आणि अहवाल सरकारने आजतागायत अधिकृतपणे खुला केलेला नाही. 'हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला' हे मात्र शाळेतल्या पोराला पाठ. हा प्रचार म्हणायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.

रानमोगरा

टप्पू, तो अभिमान आहे, बनाव नाही. यशवंतराव खरंच गेले होते.

उडाणटप्पू

गेले होतेच. मी कुठे नाही म्हटलं? वाक्यामुळे अहवालाची आठवण झाकली जाते, एवढंच म्हणणं.

पणजीकर

शब्दचर्चाच चालू आहे तर आपल्या संसदेचा किस्सा नोंदवून ठेवतो. एप्रिल २००३. इराकवरच्या हल्ल्याबद्दल लोकसभेत ठराव आणायचा होता, अध्यक्षस्थानी मनोहर जोशी. विरोधकांना 'कंडेम' हवा, वाजपेयी सरकारला त्याहून मवाळ 'डिप्लोर'. शेवटी ठरावात हिंदी 'निंदा' घातला. ज्याने त्याने आपल्याला हवा तो इंग्रजी अर्थ घ्यावा!

मराठीत ही सोय नाही. आपल्याकडे निंदा माणसाची आणि पाठीमागे होते. सरकारच्या कृतीचा निषेध होतो.

शाईदौत

सगळ्यांचे आभार. असं ठरवतेय: एकूण उद्योगाला 'युद्धप्रचार', कारण 'युद्ध' जोडल्यावर प्रचारातला सोवळेपणा जातो. नायिराच्या साक्षीला 'बनाव', ४५ मिनिटांना 'तिखटमीठ'. अकाउंटेबिलिटीला धड्याच्या नावात 'जाब कोण विचारणार?'.

राहता राहिलं 'डोजी डॉसियर'. 'संशयास्पद' फार पोलिसी वाटतो.

उडाणटप्पू

डॉसियर तसंच ठेवा, २६/११नंतर पाकिस्तानला दिलं तेव्हापासून मराठी पेपरांत रुळलंय. डोजीला 'उचलेगिरीचं'.

जुनापेपर

उचलेगिरीत फक्त चोरी येते. 'बेभरवशाचं डॉसियर' करा.