अनुभव धागा : संख्याशास्त्राचा पेपर वेळेत कसा सोडवायचा?

बी.एस्सी., बी.कॉम., अर्थशास्त्र, मानसशास्त्र... हा पेपर कुठे ना कुठे गाठतोच. विषय येत असूनही शेवटचा प्रश्न राहून जातो, अशी तक्रार दर सत्राला ऐकू येते. ज्यांनी तो दिला, शिकवला किंवा तपासला आहे, त्यांनी नेमकं लिहा. ‘भरपूर सराव करा’ एवढंच नको.

•

आधी मिनिटांचा हिशोब. ६० गुण, दोन तास असतील तर वाचायला १० आणि तपासायला १० मिनिटं बाजूला काढा. उरली १०० मिनिटं, म्हणजे ८ गुणांच्या प्रश्नाला जेमतेम १३. घरी सराव करताना हीच १३ मिनिटं लावा, तीही परीक्षेतलाच कॅल्क्युलेटर आणि तीच छापील कोष्टकं घेऊन. मोबाइलवर गणित करून झालेला सराव परीक्षेत उपयोगी पडत नाही.

•

कॅसिओ एफएक्स-८२ एमएस असेल तर: मोड, २ दाबलं की एसडी मोड येतो. त्यात आकडे भरण्याआधी शिफ्ट, मोड, १, = करून जुनी आकडेवारी पुसा; हे राहिलं की आधीच्या गणिताचे आकडे नव्यात मिसळतात आणि उत्तर का चुकलं ते कळतच नाही. प्रत्येक आकड्यानंतर एम+. सगळे भरून झाले की शिफ्ट, १, ३, = करून एन, म्हणजे निरीक्षणांची संख्या, बघा. दहा निरीक्षणं असताना ९ दिसले तर एक गळलंय, पुढे जाऊच नका. शिफ्ट, २ मध्ये २ नंबरला एनने भागलेलं प्रमाण विचलन, ३ नंबरला एन वजा १ ने भागलेलं. टी-चाचणीला (लहान नमुन्यावरून सरासरी तपासायची चाचणी) बहुतेक वेळा तिसरं लागतं. पद्धत मात्र कागदावर दाखवा, नुसत्या उत्तराला पूर्ण गुण मिळत नाहीत.

•

मधल्या पायरीला पूर्णांकन करू नका, हे सगळे सांगतात. का ते बघा. आकडे १५२, १५२, १५३. वर्गांची सरासरी २३२०५.६६६७. मध्य १५२.३३३३..., तो पूर्ण ठेवून वर्ग वजा केला की प्रचरण (प्रमाण विचलनाचा वर्ग) ०.२२२२. आता मध्य १५२.३३ घेऊन करा: १.२३७८ येतं! साडेपाचपट. दोन मोठ्या, जवळजवळ सारख्या संख्यांची वजाबाकी असल्यामुळे शेपटाकडचे अंकच सगळं ठरवतात. हातानं करायचं तर १५२ वजा करून घ्या: ०, ०, १. मग १/३ वजा १/९, म्हणजे २/९. तोंडी होतं, चुकायला जागाच उरत नाही.

•

उत्तरपत्रिका तपासताना सगळ्यात जास्त गुण निष्कर्षात जाताना दिसतात. गणित बरोबर, शेवटी फक्त ‘नल हायपॉथेसिस नाकारले’ (नल म्हणजे ‘फरक किंवा संबंध नाही’ हे गृहीतक). कशाबद्दल नाकारले? प्रश्नातल्या औषधाबद्दल, खताबद्दल एक वाक्य हवंच. आणि नाकारता आलं नाही, तर ‘सिद्ध झाले’ असं लिहू नका. ‘नाकारण्याइतका पुरावा नाही’ असं लिहा.

काय-स्क्वेअरमध्ये (दोन गुणधर्मांचा संबंध तपासायची चाचणी) येट्सची दुरुस्ती, म्हणजे प्रत्येक फरकातून ०.५ कमी करणं, सरसकट लावू नका. पहिली ओळ ३०, २०, दुसरी २०, ३० असं कोष्टक घ्या. दुरुस्तीशिवाय किंमत ४.००, एका स्वातंत्र्यमात्रेला (डिग्री ऑफ फ्रीडम) ५ टक्के पातळीची सीमा ३.८४१, म्हणजे नल नाकारायचं. दुरुस्ती लावली की ३.२४, निष्कर्ष उलटा! इथे अपेक्षित वारंवारता चारही घरांत २५ आहे. ती ५ पेक्षा कमी असतानाची ही दुरुस्ती इथे लावायचं कारणच नाही. आपण काय केलं आणि का, हे एका ओळीत लिहून टाका.

•

झेडचं कोष्टक (नॉर्मल वक्राखालच्या क्षेत्रफळाचं) कोणत्या जातीचं आहे ते हॉलमध्ये पहिल्यांदा बघा. १.९६ समोर ०.४७५० असेल तर क्षेत्रफळ मध्यापासूनचं, ०.९७५० असेल तर डाव्या टोकापासूनचं. प्रश्नात ‘जास्त आहे का’ विचारलं की ५ टक्क्यांना १.६४५, ‘फरक आहे का’ विचारलं की १.९६. झेड १.८ आला तर याच एका शब्दावर उत्तर फिरतं.

•

दहा सेकंदांच्या तपासण्या: दोन समाश्रयण (रिग्रेशन) गुणांकांचं चिन्ह सारखंच हवं आणि गुणाकार १ पेक्षा जास्त नको. १.६ आणि ०.९ आले, तर गुणाकार १.४४, कोणती रेषा कोणाची, यात अदलाबदल झाली आहे. अनोव्हात (अनेक गटांच्या सरासरींची तुलना) वर्गांची बेरीज (सम ऑफ स्क्वेअर्स) ऋण आली की सुधारणा-पद, म्हणजे एकूण बेरजेचा वर्ग भागिले एन, पुन्हा काढा, बहुधा एकूण बेरीजच चुकलेली असते.