कोरियांची घरं पाडली, तर बिघडलं काय?

पारसिकची_हवा

गेल्या रविवारी भाच्याला घेऊन नवी मुंबईत बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये गेलो होतो. पोरगा आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला. आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांची 1983 ते 86 मधली वसाहत बघायची म्हणून वही-पेन्सिल घेऊन आला आणि तासाभरात तोंड पाडून बसला. उतरत्या कौलांची मूळ घरं शोधावी लागतात. बाकी स्लॅबचे बंगले, वर पत्र्याची शेड, पुढे ग्रील. "मामा, लोकांनी पार वाट लावलीय!"

मला नाही तसं वाटत. इथले प्लॉट 45 ते 75 चौरस मीटरचे. सात घरं आठ बाय आठ मीटरच्या एका अंगणाभोवती, असे तीन गट मिळून आणखी मोठं अंगण. आणि एकाही घराची भिंत शेजाऱ्याशी सामाईक नाही. हे मुद्दाम केलेलं, कारण चार पैसे हातात आले की ज्याने त्याने शेजाऱ्याची परवानगी न मागता घर वाढवावं. म्हणजे घरं बदलणार हे नकाशातच धरलेलं होतं!

आम्ही उभे होतो तिथे अंगणात कुणीतरी कुरडया वाळत घातल्या होत्या आणि पोरं त्याला वळसा घालून सायकली फिरवत होती. घरं गेली, अंगण राहिलं. टॉवरच्या लॉबीत 'ग्रीन बिल्डिंग'चं प्रमाणपत्र फ्रेम करून लावतात, त्यापेक्षा मला हे जास्त टिकाऊ वाटतं. तुमचं काय मत?

लोडबेअरिंग

साफ असहमत. मी याच धंद्यात आहे म्हणून बोलतो.

अंगण राहिलं, पण घरातलं आभाळ गेलं त्याचं काय? कोरियांचा आयुष्यभराचा आग्रहच तो होता की आपल्या हवेत उघडी जागा ही एक खोलीच असते. लोकांनी प्लॉटभर स्लॅब टाकला. दोन घरांत उरली बोळकांडी, खालच्या खोलीत भर दुपारी ट्यूबलाइट, आणि एसीचा मागचा डबा शेजाऱ्याच्या खिडकीत गरम वारा सोडतोय. कौल काढून स्लॅब घातला, तो दोन पावसाळ्यांत गळायला लागला, म्हणून त्यावर पत्रा. म्हणजे फिरून उतरतं छप्पर आलंच, फक्त तापणारं.

वाढायची मोकळीक दिली ती चांगलीच. पण कुठवर वाढायचं हे धरून ठेवणारं नंतर कुणी नव्हतं. वसाहत बांधून झाली की आर्किटेक्ट निघून जातो, हीच आमच्या धंद्याची बोंब.

शेतावरचा

अंगणावरून एवढी चर्चा चाललीय म्हणून विचारतो, ते अंगण मुळात कुणाचं होतं?

कोरिया, इंजिनिअर शिरीष पटेल आणि आर्किटेक्ट प्रवीणा मेहता यांनी मुंबईच्या खाडीपलीकडे नवं शहर, म्हणजे आजची नवी मुंबई, वसवायची कल्पना मांडली ती 1960च्या दशकात. 1970 मध्ये ते शहर उभारायला सिडको ही सरकारी कंपनी आली, कोरिया तिचे मुख्य आर्किटेक्ट. ठाणे, पनवेल, उरण मिळून 95 गावं, 344 चौरस किलोमीटर. हिशेब असा की जमीन आधी स्वस्तात घ्यायची, शहर वाढेल तसा भाव वाढेल आणि त्याच पैशातून रस्ते, पाणी, गटारं. कागदावर झकास. आमच्या आजोबांच्या भातखाचरांवर आणि मिठागरांवर तो हिशेब जमला. जानेवारी 1984 मध्ये उरणजवळच्या जासई पट्ट्यात गोळीबार होऊन पाच शेतकरी गेले, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना पदरात पडली. त्याच सुमाराला बेलापूरला तुमची कौलं चढत होती.

माणूस मोठा होता, नाकारत नाही. पण 'टिकाऊ' शब्द वापरताना जरा जपून.

पारसिकची_हवा

@शेतावरचा, दादा, हे मी धाग्यात लिहायला हवं होतं, चुकलं माझं. फक्त एवढंच की जमिनीचा भाव सरकारने ठरवला, आणि कोरिया 1974 पर्यंतच तिथे होते. सरकारी कार्यालयं खाडीपलीकडे न्यायची हा त्या आराखड्याचा कणा होता. मंत्रालय जागचं हललं नाही, उलट नरिमन पॉइंटला टॉवर वाढत गेले. वाशीला लोकल आली ती 1992 मध्ये.

शेतावरचा

"1974 पर्यंतच होते" हे मान्य, पण मग शहराचं श्रेय देतानाही तिथपर्यंतच द्या की.

गिरणीचा_भोंगा

बेलापूर सोडा, लालबाग-परळला या. 1996 मध्ये गिरण्यांच्या जमिनींसाठी कोरियांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. गिरणीच्या जागी नवं बांधायचं तर नियम तेव्हा साधा होता: जमिनीचे तीन भाग, एक पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. समितीचं म्हणणं होतं की सुट्या सुट्या गिरण्यांकडे न बघता सगळ्याचा एकत्र विचार करा, मग सलग मैदानं, रस्ते, घरं बसतील. 2001 मध्ये नियमच बदलला. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची. शेडखालची जमीन त्यात धरायचीच नाही! आता गिरणी म्हणजे सगळी शेडच असते हो, मोकळं असतं कितीसं? उच्च न्यायालयाने 2005 मध्ये अडवलं, 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयात नवा नियम टिकला. त्याच वर्षी कोरियांना पद्मविभूषण! हसावं की रडावं.

माझे वडील गिरणीत साचेवाले होते, म्हणून हे तोंडपाठ आहे. शहर सुधारण्याची अक्कल आर्किटेक्टकडे असून भागत नाही, सही करणारा पेन दुसऱ्याच्या खिशात असतो.

खिडकीतून

आणि पेडर रोडची कांचनजंगा विसरलात? ती मात्र अगदी नकाशाबरहुकूम उभी राहिली. दोन मजली उंचीच्या गॅलऱ्या, आरपार समुद्राचा वारा. घरं फक्त 32. ज्यांना एसी परवडतो त्यांच्यासाठी वाऱ्याची सोय :)

लोडबेअरिंग

@खिडकीतून, टोमणा बरोबर, पण बघितलं तर आजही त्या गॅलऱ्या शिकण्यासारख्या आहेत. उन्हापावसाला खोल गॅलरीतच थोपवायचं, काचेवर नाही. नवे टॉवर बरोबर उलटं करतात.

@पारसिकची_हवा, कुरडया दिसल्या, सायकली दिसल्या. अंगणात गाड्या किती उभ्या होत्या ते मात्र लिहिलं नाहीत.

पारसिकची_हवा

चार. त्यातली एक माझी.