मदत हवी आहे: मिस्टर लडाखला, वसुलीवाले दारात

नमस्कार. माझे मिस्टर सैन्यात आहेत, सध्या लडाखला. फोन लागला तर लागला. त्यांच्या एकट्याच्या नावावरच्या पर्सनल लोनचे हप्ते थकलेत. मी जामीनदार नाही, सहकर्जदारही नाही. तरी वसुलीवाले रात्री फोन करतात, सासूबाईंना दमदाटी करतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने संध्याकाळी 7 नंतर आणि सकाळी 8 च्या आत वसुलीसाठी फोन करता येत नाही. फायनान्स कंपनीला लेखी तक्रार दिली आहे, 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार.

पैसे बुडवायचे नाहीत, हप्ते बांधून हवेत. पण यांच्या सहीशिवाय कंपनी बोलायलाच तयार नाही. मुखत्यारपत्र युनिटमधून करून मागवता येतं का? जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मध्यस्थी करतं का? कुणा सैनिकपत्नीला अनुभव असेल तर कृपया सांगा, सासूबाई फार घाबरल्यात.