ब्लॅकपूलच्या कार्डाचं साल

ब्लॅकपूल या इंग्लंडमधल्या समुद्रकाठच्या सहलीच्या गावाचं, तारीख नसलेलं जुनं चित्र-पोस्टकार्ड कधीचं ते कसं ओळखायचं, असं तुम्ही विचारलंय. आधी कार्ड उलटं करा. मागे मधोमध रेघ असेल, डावीकडे मजकूर नि उजवीकडे पत्ता, तर ते १९०२ किंवा त्यानंतरचं. त्याआधी मागची बाजू फक्त पत्त्याची. मजकूर चित्राच्या कडेला दाटीवाटीने लिहावा लागे. अर्ध्या पेनीचं हिरवं तिकीट असेल तर बहुधा १९१८ पूर्वीचं, कारण त्या वर्षी कार्डाचा टपाल दर एक पेनी झाला. चित्रात ब्लॅकपूलचा टॉवर दिसत असेल तर १८९४ च्या आधीचं नक्कीच नाही.

पण मजकूरही वाचाच. लँकेशर परगण्यातल्या गिरणीगावांत ‘वेक्स वीक’ म्हणजे वार्षिक सुट्टीचा आठवडा असे. बोल्टन, ओल्डहॅम, बर्नली, प्रत्येकाचा आठवडा वेगळा. त्या आठवड्यात गिरण्या बंद, धुराडी थंड आणि निम्मं गाव ब्लॅकपूलला. माझ्याकडच्या एका कार्डावर पुसट पेन्सिलीत एवढंच आहे: हवा छान, शेजारचेही इथेच भेटले, शनिवारी परततो. मला ते चित्राहून जास्त आवडतं. तुमच्या कार्डावर काय लिहिलंय? मागच्या बाजूचा फोटो जरूर टाका.